कोठार घ्यावे, पण तागडी पाहून!

साखर घेताना दुकानदाराच्या तागडीवर नजर ठेवावी, हे आपल्या गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. पण बँका ज्यात आपली खाती ठेवतात, ती ‘डेटाबेस’ नावाची कोठारे विकत घेताना तागडी कोणाच्या हाती असते? मौज अशी, की पुष्कळ दिवस ती विकणाऱ्याच्याच हाती होती!

1983 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड डेविट व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या डेटाबेसांची शर्यत लावली. तीत ओरॅकल कंपनीचा माल मागे पडला. पुढे कंपनीने करारातच कलम घातले, की आमच्या परवानगीवाचून चाचणीचे आकडे छापू नयेत. इतरांनीही हा कित्ता गिरवला. त्याला आजही ‘डेविट कलम’ असेच म्हणतात.

अखेर 1988 साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल’ ही संस्था काढली. तिची 1992 सालची ‘टीपीसी-सी’ चाचणी म्हणजे एका काल्पनिक घाऊक व्यापाऱ्याची पेढीच. मागणी, वसुली, पाठवणी, शिल्लक, सारे तीत आले. मिनिटाला नव्या मागण्या किती उरकल्या, तो वेग. यंत्रे, प्रणाली व तीन वर्षांची देखभाल यांच्या एकूण खर्चाला त्या वेगाने भागले, की भाव. आकडे तटस्थ तपासनिसाने तपासल्यावाचून मान्य होत नाहीत.

आता थोडा हिशेब करू. 2010 साली आयबीएमच्या डीबी2ने मिनिटाला 1 कोटी 3 लाखांवर मागण्या उरकल्या, भाव 1.38 डॉलर. त्याच वर्षी ओरॅकलने 3 कोटी 2 लाखांचा पल्ला ओलांडला, भाव 1.01 डॉलर. म्हणजे ओरॅकल स्वस्त? जरा गुणाकार करा. पहिल्याचे बिल सुमारे 1 कोटी 43 लाख डॉलर, दुसऱ्याचे 3 कोटी 5 लाख! मणाचा भाव उतरला म्हणून चौघांच्या घरात कोणी गाडाभर साखर भरते काय?

शिवाय देखभाल आहेच. ओरॅकलच्या दरपत्रकात ती वर्षाला परवान्याच्या 22 टक्के. म्हणजे पाच वर्षांत मूळ किमतीहून अधिक रक्कम पुन्हा मोजायची. उलट, बर्कली विद्यापीठात 1986 साली सुरू झालेल्या ‘पोस्टग्रेस’मधून निघालेल्या ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ला परवान्याचा एक पैसाही पडत नाही. पण फुकटच्या गाईलाही दाणावैरण लागतेच. जाणकार माणसे हवीत, रोजच्या नोंदींच्या जादा प्रती हव्यात, मध्यरात्री बिघाड झाला तर धावून येणारा कोणी हवा.

तेव्हा वाचकहो, आपल्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत चहाफराळाच्या खर्चावरून वाद घालाल, तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारा. कोठाराचा पाच वर्षांचा एकूण खर्च किती? ते आपल्याच रोजच्या कामावर चालवून पाहिले काय? आणि उद्या ते सोडायचे ठरले, तर आपल्या नोंदी सुखरूप दुसरीकडे नेता येतील काय? संचालकांना प्रश्न आवडणार नाहीत कदाचित. पण त्या कोठारात पुंजी आपली आहे, आणि त्याचे बिलही शेवटी आपल्याच ठेवींतून भागायचे आहे.