स्वस्ताईचं बिल

मध्यम शहराची बाजू मांडणारे पहिलं नाव घेतात ते स्वस्ताईचं, आणि यवतमाळच्या बाबतीत ते वरवर खोटंही नाही. २०११च्या जनगणनेत इथल्या पालिका हद्दीत १ लाख १६ हजारांच्या आसपास वस्ती होती. पुढे लोहारा, वाघापूर, वडगाव ही लगतची गावं हद्दीत आली, तरी शहर अजून दुचाकीच्या आवाक्यात आहे. शाळा, बाजार, कचेरी सगळं दहा-पंधरा मिनिटांवर. दुपारी जेवायला घरी येणारा नोकरदार पुण्यात शोधून दाखवावा! १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे मोठ्या दुखण्याला दर वेळी नागपूर गाठावं लागत नाही. तरीही हा हिशेब अर्धवट आहे. त्यात घरभाडं आणि भाजी धरलेली असते. शहराने जे द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, ते विकत घेण्याचा खर्च कुणी धरत नाही.

पाण्याचंच बघा. यवतमाळची तहान तेव्हा निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर भागायची. २०१८च्या उन्हाळ्यात दोन्ही आटली आणि नळ कधी येणार याची वाट दिवसांत नव्हे, आठवड्यांत मोजली जाऊ लागली. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणायची योजना आखलेली होती, पण जलवाहिनीचं काम लांबत गेलं. ज्याच्या अंगणात बोअर होती त्याचं कसंबसं भागलं. बाकीच्यांच्या दारापुढे निळे ड्रम ओळीने उभे, आणि टँकरचा भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पाइप धरायला पळायचं. ज्याची मजुरी रोजाची आहे, त्याचा अर्धा दिवस इथेच बुडतो. हा बुडालेला रोज कुठल्याच महागाई निर्देशांकात दिसत नाही.

टँकर काय पुण्या-मुंबईत नाहीत? आहेत, आणि पुण्याच्या नव्या उपनगरांत तर बारमाही आहेत. फरक एवढाच की तिथे टँकरचं बिल सोसायटीत वाटलं जातं आणि ते भरायला लागणारी कमाई त्याच शहरात मिळते. यवतमाळात मिळकत थोडक्यांचीच पक्की. प्राध्यापक असो की तहसीलचा कारकून, त्याचं मूळ वेतन मुंबईतल्या समकक्षाइतकंच. कमी असतो तो घरभाडे भत्ता. राज्याचा पगार आणि गावचे भाव, असा दुहेरी लाभ त्याला मिळतो. शहराचं कौतुक बहुधा याच वर्गाच्या तोंडून ऐकू येतं, हे लक्षात ठेवलेलं बरं. बाकी कापूस, जिनिंग आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले कारखाने यांच्यावर किती घरं चालणार? गावातच इंजिनिअर झालेली पोरं संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठतात आणि दिवाळीला दुप्पट तिकीट मोजून परततात. तो खर्चही यवतमाळच्या घरखर्चातच मांडायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. झरी-जामणी किंवा घाटंजीकडच्या खेड्यातून येणाऱ्याला यवतमाळ हेच मोठं शहर. त्याच्या मुलीला वसतिगृह आणि कॉलेज इथेच मिळतं, बाळंतपणाला दवाखाना इथेच. हे मान्यच करावं लागेल. या कामात मध्यम शहराची जागा महानगर घेऊ शकत नाही. पण म्हणूनच त्याच्या उणिवांची किंमत २७ लाखांच्या अख्ख्या जिल्ह्याला पडते, एकट्या शहराला नाही.

अशी एक उणीव रेल्वेच्या इतिहासात उघड दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंतची छोटी लाइन टाकली गेली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी. माणसं पुढे बसली म्हणून ती ‘शकुंतला’ झाली. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली, नंतर डिझेलवर, आणि अखेर थांबली. कापसासाठी रूळ शंभर वर्षांपूर्वी आले. माणसांना मोठ्या लाइनची गाडी धरायला धामणगाव गाठावं लागत राहिलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन यवतमाळ जिल्ह्यातल्याच कार्यक्रमात झालं. गाडी मात्र वर्ध्याहून निघून यवतमाळच्या अलीकडे कळंबपर्यंतच आली.