एका पंक्तीचे जेवण : दूधतुपावाचून भाजलेला पास्ता

पंगतीस बसलेल्या लहानथोरांस एकच अन्न सारख्याच हाताने वाढावे, हा आपल्या घरांतील जुना दंडक आहे. एकाच्या पानात निवडक आणि दुसऱ्याच्या पानात उरलेसुरले, असा भेद करणे ह्यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतो, आणि धर्मशास्त्रकारांनीही तो दोषांत गणिला आहे. हा दोष पूर्वी वाढणाराच्या कृपणपणातून उत्पन्न होत असे. अलीकडे मात्र तो अगदी निराळ्या वाटेने, आणि कोणाच्याही मनात कपट नसताना, आपल्या माजघरात शिरू पाहत आहे. त्याचा विचार करून त्यावर एक सोपा, चवदार आणि घरच्या चुलीवर साधण्याजोगा उपाय सुचवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पुण्यामुंबईस राहणारी नातवंडे शनिवारी तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळे येथील आजोळी येतात. द्रुतगती महामार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून हे येणेजाणे फारच सुलभ झाले आहे. त्यांपैकी एखादा नातू किंवा नात पानावर बसल्यावर हळूच सांगते, “आजी, मला तूप नको, ताकही नको, मी दुधाचे पदार्थ सोडले आहेत.” ह्या आहारनियमास ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रचारात आणिला. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, परंतु दूध, दही, लोणी, तूप, मधदेखील नाही, असा तो नियम आहे. गाईम्हशींना आणि त्यांच्या वासरांना होणारा त्रास आपल्यामुळे होऊ नये, ही त्यामागील मुख्य भावना.

आता, वरणभातावर तुपाची धार सोडल्यावाचून अन्नशुद्धी झाली असे ज्या आजीस आजवर कधी वाटले नाही, तिच्या कानी ‘तूप नको’ हे शब्द ‘तुमची माया नको’ असे पडतात. मग नातवासाठी कोपऱ्यात निराळे पातेले चढते, इतरांच्या पानात श्रीखंड येते आणि त्याच्या पानात कोरडी पोळी. कोणी थट्टा करितो, कोणी उपदेश करितो, मूल खाली मान घालून जेवते आणि पुढल्या शनिवारी येण्याचे टाळते. हा आमचा काल्पनिक तर्क नव्हे. मावळातील एकाहून अधिक परिचित घरांत आम्ही हे पाहिले आहे. घरातील पंगत मोडणे ही गोष्ट एका वाटी तुपापेक्षा फार मोठी आहे.

दूध न घेण्याचा निश्चय आपल्या परंपरेस सर्वस्वी परका आहे काय? आमच्या मते, नाही. चातुर्मास्य व्रतात श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य करावे, असा नियम सांगितलेला आहे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाने पिकलेले धान्य खावयाचे नाही, म्हणून आपल्या घरी त्या दिवशी ऋषीची भाजी होते. जनावराच्या कष्टाचा विचार पानावर बसताना करावा, हे आपल्या आजीपणजींस ठाऊक होते; मात्र तो वर्षातील एका दिवसापुरता होता. महात्मा गांधींनी १९१२ साली दूध सोडिले आणि पुढे मोठ्या दुखण्यात, प्रतिज्ञा करिताना मनात गाईम्हशीचेच दूध होते असे मनाचे समाधान करून, शेळीचे दूध घेतले. ही हकीकत त्यांनी आत्मकथेत स्वतःच नमूद केली आहे, आणि ती करिताना त्यांना झालेले दुःखही लपविलेले नाही.

उलट पक्षी हेही सांगितले पाहिजे की, आपल्या शास्त्रांनी दुधास निषिद्ध मानिलेले नाही. हठप्रदीपिकेत योग्याच्या पथ्याहारात दूध व तूप ह्यांची गणना केलेली आहे; आणि ह्याच ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती लोणावळ्याच्या कैवल्यधाम आश्रमाने प्रसिद्ध केली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापिलेली ही संस्था आपल्या मावळाचे भूषण होय. तात्पर्य, दूध घेणारा पापी नव्हे आणि न घेणारा पाखंडी नव्हे. दोघांनी एका पंक्तीस बसून पोटभर खावे, असा पदार्थ मात्र हवा.

असा पदार्थ शोधू लागलो असता आमची दृष्टी इटलीच्या पास्त्याकडे गेली. ‘पास्ता’ हे नाव ऐकून ज्येष्ठ मंडळी नाक मुरडतील. परंतु वस्तू मुळीच अनोळखी नाही. आपल्या घरी लग्नमुंजीपूर्वी वळवट होत असे. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, नखाने दाबलेले नखुले, बोटांनी वळलेले बोटवे, शिवाय मालत्या आणि शेवया, ही सारी रवा किंवा सपीट भिजवून, हाताने घडवून, उन्हात वाळवून ठेविलेली. इटलीतील बायका नेमके हेच करितात. त्यांच्याकडे कणकेचा कण रेघांच्या फळीवर दाबितात, आपल्याकडे कोणी कोऱ्या फणीवर दाबीत असत. भेद इतकाच की, आपण त्याची दूधगूळ घालून खीर केली आणि त्यांनी मीठमिरी घालून जेवण केले.

मार्को पोलोने चीनमधून ही वस्तू इटलीस नेली, अशी एक कथा प्रसिद्ध आहे. ती खरी नव्हे. तो १२९५ साली व्हेनिसला परतला. पण त्यापूर्वी कितीतरी वर्षे, ११५४ साली, अल्-इद्रिसी ह्या अरबी भूगोलवेत्त्याने सिसिली बेटावरील त्राबिया गावी सुक्या शेवयांसारखा पदार्थ तयार होऊन दूरदूर जात असल्याचे लिहून ठेविले आहे. पास्त्यासाठी जो कडक, पिवळसर गहू लागतो त्यास शास्त्रज्ञ ‘ड्युरम’ म्हणतात. आपला बन्सी गहू तो हाच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, म्हणजे १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, ह्या जातीच्या गव्हाची अनेक सुधारित वाणे काढिली आहेत. मावळ मुख्यतः भाताचा मुलूख. १९८७ सालचा प्रसिद्ध इंद्रायणी तांदूळ वडगावच्या संशोधन केंद्रातलाच. तरी चांगला रवा येथील कोणत्याही वाण्याकडे मिळतो.

‘टोमॅटो, काजू हे सारे परदेशी’ अशी तक्रार कोणी करील, तर त्याने एकादशीचे ताट आठवावे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही सारी अमेरिका खंडातून आली, आणि आपण त्यांना थेट उपासाच्या पंक्तीस बसविले. टोमॅटो व काजू त्यांचेच बंधू. आज टोमॅटो आपल्याच जिल्ह्यात नारायणगावच्या बाजारी ढिगांनी येतो आणि काजू तर घाट उतरला की कोकणात.

आता प्रत्यक्ष पाककृती. पुढील प्रमाण सहा माणसांच्या रात्रीच्या जेवणास पुरते.

साहित्य :— सुका पास्ता (आखूड नळ्या किंवा शिंपले) ४०० ग्रॅम, पिकलेले लाल टोमॅटो १ किलो, कांदे २, लसणीच्या पाकळ्या ८, वांगे, ढोबळी मिरची, लाल भोपळा ह्यांच्या लहान फोडी मिळून ३०० ग्रॅम, शिजविलेली अख्खी मसूर १ मोठी वाटी, काजूचे तुकडे १०० ग्रॅम, कणीक २ चमचे, शेंगदाण्याचे तेल ५ चमचे, तीळ २ चमचे, शिळ्या भाकरीचा किंवा पावाचा कोरडा चुरा १ वाटी, ओव्याची ४–५ पाने, गुळाचा लहान खडा, अर्धे लिंबू, मिरपूड, किंचित जायफळ आणि मीठ.

पास्ता विकत घेताना पुडक्यावरील मजकूर अवश्य वाचावा. काही प्रकारांत अंडे असते आणि पावात पुष्कळदा दुधाची भुकटी. हिरवा ठिपका पाहून निश्चिंत राहू नये; तो ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो. दूधविरहित पदार्थांसाठी २०२२ सालच्या सरकारी नियमान्वये इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे निराळे हिरवे चिन्ह ठरलेले आहे.

कृती :— प्रथम काजू कढत पाण्यात अर्धा तास भिजत घालावे. टोमॅटोंस देठापाशी चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकावे, साली काढाव्या आणि बारीक चिरावे. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तेल तापवून कांदा मंद आचेवर गुलाबी परतावा, मग सहा पाकळ्या लसूण ठेचून घालावी. ती करपू देऊ नये, करपल्यास कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. त्यावर भाज्या परतून टोमॅटो, मीठ, गूळ व चिरलेली ओव्याची पाने घालावी. इटलीत ह्या जागी ‘ओरेगॅनो’ नावाची वनस्पती वापरितात. तिचा गंध आणि आपल्या अंगणातील ओव्याच्या पानाचा गंध हे सख्ख्या बहिणींसारखे आहेत. वीस-पंचवीस मिनिटे शिजून रस दाट झाला की मसूर मिसळावी.

काजू निथळून, दोन वाट्या पाणी घालून अगदी गंधासारखे वाटावे. त्यात कणीक कालवून मंद आचेवर सतत ढवळावे. पळीस लेप बसेल इतके दाट झाले की उतरवून मीठ, मिरपूड, जायफळ आणि लिंबाचा रस घालावा. चीजाची जागा हे घेते. ज्यांस काजू महाग वाटतील त्यांनी नारळाचे पहिले दाट दूध घ्यावे. चव निराळी, पण गोड लागते.

मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी खळखळ उकळून त्यात दीड मोठा चमचा मीठ घालावे व पास्ता सोडावा. पुडक्यावर दिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी तो काढावा, कारण उरलेले शिजणे भट्टीत व्हावयाचे आहे. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच असल्याने तेथे पाणी दोनएक अंश कमी उष्णतेस उकळते. सबब तेथील गृहिणीने मिनिटभर अधिक धरावे. दाताखाली मध्यभागी किंचित कण लागला पाहिजे. निथळताना एक वाटी पाणी राखून ठेवावे. भाताच्या पेजेप्रमाणे त्यात सत्त्व उतरलेले असते.

पास्ता, टोमॅटोचा रस व राखलेले पाणी एकत्र करावे. मिश्रण जरा सैलच दिसले पाहिजे, कारण भाजताना पास्ता रस पितो. १३ इंच लांब, ९ इंच रुंद अशा खोल ताटास तेल लावून त्यात निम्मे मिश्रण, वर निम्मा काजूचा रस, पुन्हा मिश्रण व पुन्हा रस असे थर द्यावे. चुऱ्यात तीळ, उरलेले दोन चमचे तेल आणि दोन ठेचलेल्या पाकळ्या चोळून वर पसरावे. भट्टी १९० अंश सेल्सिअसवर आधी तापवून २५ ते ३० मिनिटे भाजावे. कडेने रस बुडबुडू लागला आणि वर सोनेरी रंग आला, म्हणजे झाले. काढल्यावर दहा मिनिटे तसेच ठेवावे. त्यामुळे वड्या नीट सुटतात.

विजेची भट्टी नसल्यास अडण्याचे कारण नाही. कोकणात काकडीचे धोंडस खालीवर निखारे ठेवून भाजितात. तीच युक्ती येथे. मोठ्या जाड पातेल्यात बोटभर जाडीची वाळू किंवा जाडे मीठ पसरून, वर तिवई ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. मग त्यात बसेल असे लहान, गोल भांडे तिवईवर ठेवावे व झाकून मंद आचेवर पाऊण तास राहू द्यावे. पदार्थ दोन खेपांत करावा लागेल. अशा रीतीने वरची बाजू खरपूस होत नाही, म्हणून चुरा आधीच तव्यावर भाजून घ्यावा आणि वाढतेवेळी पसरावा.

चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदालसूण वर्ज्य, त्यांनी फोडणीस हिंग आणि आले घ्यावे व भोपळ्याचे प्रमाण दुप्पट करावे. आम्ही तर म्हणू, आषाढातील लोणावळ्याच्या पावसात, चार दिवस सूर्यदर्शन नसताना, हा कढत पदार्थ भज्यांच्या तोडीस तोड ठरतो. कांदेनवमीस तो लसणीसह करण्यास उत्तम मुहूर्त.

आरोग्याविषयी दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. गहू व मसूर एकत्र आल्याने प्रथिनांची उणीव एकमेकांस भरून निघते. तीळ व नाचणी कॅल्शियम पुरवितात. परंतु ‘ब-१२’ नावाचे जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाजोगे मिळत नाही. दूध पूर्णपणे सोडणाऱ्याने ते गोळीच्या किंवा पुष्टिकारक मिश्रण केलेल्या अन्नाच्या रूपाने, वैद्यकीय सल्ल्याने, घेतलेच पाहिजे. अन्यथा मज्जातंतूंस इजा पोहोचते. मुलाच्या निश्चयाचा उपहास करण्यापेक्षा ही माहिती त्यास देणे अधिक मायेचे होईल.

शेवटी एक सूचना. हा पदार्थ आजीने एकटीने करू नये. ज्याने दूध सोडिले त्यानेच काजू वाटावे, पास्ता निथळावा आणि भांडी घासावी. आणि आजीने त्याला, जमल्यास, रव्याचे चार नखुले वळून दाखवावे. विकतच्या पुडक्याने काम भागते खरे, परंतु वळवट वळणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि शिकू इच्छिणारे मूल स्वयंपाकघरात आपण होऊन आले असता त्यास परत धाडणे शहाणपणाचे नव्हे. जेवणानंतर तोंड गोड करण्यास लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की आहेच. गूळ आणि दाणे ह्यांवाचून तीत दुसरे काही नसेल, तूप लाविलेले नसेल, तर तीही सर्वांच्या पानात सारखीच पडेल.