मायफळ हे फळ नव्हे



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या एका विद्यार्थिनीने आजीची बाळगुटीची पेटी मांडली होती. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा आणि मायफळ. चिठ्ठीवर "मायफळ : झाडाचे फळ" असे होते. आम्हीही शाब्बास म्हणून पुढे गेलो. घरी आल्यावर चूक ध्यानात आली. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे यालाच माजूफल म्हणतात. दोन्ही नावांत फळ आहे, म्हणून फसलो.

तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागात ओकची झाडे आहेत. एक बारीक गांधीलमाशी त्यांच्या कोवळ्या डोळ्यात अंडे घालते. अळीभोवती झाडाची गाठ वाढते, ती वाळली की मायफळ. काहींवर बारीक भोक असते, ती माशी बाहेर पडल्याची खूण.

त्याचा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते, म्हणून जीभ आकसल्यासारखी वाटते. पाने खाणाऱ्या किड्यांनाही ते बाधते.

झाड हे बनवते कसे? पहिल्या पायरीला गॅलिक आम्लाला ग्लुकोजची साखर जोडली जाते. हे काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. २०१४ साली जर्मनीतील संशोधकांनी युरोपातील ओकमध्ये त्याचे जनुक ओळखले. नाव यूजीटी८४ए१३, लक्षात न राहिले तरी चालेल! साखर जोडल्यामुळे गॅलिक आम्ल पुढे दुसऱ्या रेणूला सहज देता येते. असे देत-घेत एकाच ग्लुकोजवर पाच गॅलिक आम्ले बसतात, मग त्यांवर आणखी चढतात आणि टॅनिन तयार होते.

आपले अनेक पालक डाईंग मिलमध्ये काम करतात. पूर्वी सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवीत, तेही टॅनिनसाठीच. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून ठेवा, पाणी शाईसारखे काळे होईल.

काही मातांनी बाळगुटीविषयी विचारले. टॅनिन अन्नातील लोहालाही धरून ठेवते. शिवाय पहिले ६ महिने फक्त आईचे दूध द्यावे, असे डॉक्टर सांगतात. आजीबाईंचा मान राखून आम्ही हेच सांगू, की आधी डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठी त्या मुलीनेच नव्याने लिहिली आहे. पेटी शनिवारपर्यंत प्रयोगशाळेत आहे, नंतर आजींना परत द्यायची आहे.