मी तीच, पण साक्ष कोणाची?

नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. पैकीं शब्दप्रमाणावांचून आपला संसार एक दिवसही चालावयाचा नाहीं. आपले मातापिता कोण, आपला जन्म कोणत्या तिथीस झाला, हें आपण सर्वजण दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच जाणतों. सांगणारा आप्त असला, म्हणजे खरें जाणणारा व खरें बोलणारा असला, कीं शंका उरत नाहीं. परंतु सर्व सांगणारे एका बाजूस आणि जिच्याविषयीं सांगावयाचें ती एकटी दुसऱ्या बाजूस, अशी वेळ आली तर? या प्रश्नावर विल्की कॉलिन्स या इंग्रज ग्रंथकारानें एक रहस्यमय कादंबरी रचली. तिचें नांव ‘द वुमन इन व्हाइट’. आपण तिला ‘शुभ्रवसना’ म्हणूं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें, अशी चाल ज्या घरीं असेल तेथें ती अवश्य वाचली जावी असें आम्हांस वाटतें.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकांत ती नोव्हेंबर १८५९ पासून ऑगस्ट १८६० पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. कॉलिन्स (१८२४–१८८९) यास १८५१ सालीं बॅरिस्टरीची सनद मिळाली होती. त्यानें वकिली कधीं केली नाहीं. पण न्यायालयाची रीत त्याच्या मनांत ठसलेली होती. म्हणून ही कथा एका मुखानें सांगितलेली नसून अनेक साक्षीदारांच्या जबान्यांनीं सांगितलेली आहे. जो तो आपण पाहिलें-ऐकिलें तेवढेंच सांगतो. चित्रकलेचा शिक्षक वॉल्टर हार्टराइट, वृद्ध वकील गिल्मोर, मॅरियनची रोजनिशी, घरची कारभारीण, अक्षरशत्रू स्वयंपाकीण, मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर, अशी ही परंपरा आहे. थडग्यावरील लेखालाही त्यांत साक्षीदाराचें स्थान मिळालें आहे!

कथेचा आरंभ लंडनकडे जाणाऱ्या एका निर्जन रस्त्यावर होतो. मध्यरात्रीं चालत असतां वॉल्टरच्या खांद्यास मागून कोणाचा हात लागतो. वळून पाहतो तों नखशिखांत पांढरा वेष केलेली एक स्त्री! ती ॲन कॅथरिक. वेड्यांच्या खाजगी इस्पितळांतून पळालेली. पुढें वॉल्टर कंबरलंड परगण्यांतील लिमरिज येथें शिक्षक म्हणून जातो, तेथें त्याची शिष्या लॉरा फेअरली हिचें व ॲनचें रूप विलक्षण मिळतें असें त्यास दिसून येतें. लॉराच्या पित्यानें मरतेवेळीं तिचा विवाह सर पर्सिव्हल ग्लाइड याच्याशीं ठरविलेला असतो. त्या वेळच्या इंग्लंडांत आपल्या स्त्रीधनासारखी सोय नव्हती. लग्नापूर्वीं निराळा करारनामा केला नसेल तर पत्नीचें बहुतेक द्रव्य पतीच्या हातीं जाई; १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं ती स्थिति पालटली. लॉरा निपुत्रिक मेल्यास तिचे २०,००० पौंड पतीस मिळावे, असें कलम करारांत घालण्याचा सर पर्सिव्हलचा हट्ट असतो. गिल्मोर वकील परोपरीनें विरोध करतात. पण लॉराचे पालक म्हणजे तिचे काका, मिस्टर फेअरली; त्यांस आपल्या प्रकृतीच्या कुरकुरीपुढें दुसरें कांहीं सुचत नाहीं. कटकट नको, म्हणून ते मान्यता देऊन मोकळे होतात. सर्व अनर्थाचें बीज येथें आहे.

मग सर पर्सिव्हलचा मित्र काउंट फॉस्को पुढें येतो. स्थूल देहाचा, मधुर वाणीचा, पांढरे उंदीर व कॅनरी पक्षी प्रेमानें पाळणारा असा हा खलपुरुष आहे. आजारी ॲन लॉराच्या नांवानें मरते व पुरली जाते; जिवंत लॉरा ॲनच्या नांवानें वेड्यांच्या इस्पितळांत कोंडली जाते. ‘मी लॉरा’ असें ती जों जों म्हणते, तों तों तिच्या वेडाची खात्री पटत जाते. तेथील परिचारिका तिला तिच्याच अंगावरच्या वस्त्रांवरील नांव दाखविते. तें ॲनचें असतें.

तिची सावत्र बहीण मॅरियन मात्र तिला पाहतांक्षणींच ओळखते आणि तेथून सोडवून आणते. सख्खे काका ओळखत नाहींत. कारण ‘अशी एक वेडी स्वतःस लॉरा म्हणवीत येईल’ असें पत्र काउंटानें त्यांस आधींच धाडलेलें असतें. मग प्रमाण आणावें कोठून? एका तारखेंतून. दाखल्याप्रमाणें लॉरा ज्या दिवशीं मेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीं ती लंडनला निघाली असें ठरलें तर कपट उघडें पडतें. मेलेलें मनुष्य प्रवासास निघत नाहीं. ती तारीख कशी सांपडली, सर पर्सिव्हलचें गुपित काय आणि काउंटाची गति काय झाली, हें सांगून आम्ही वाचकांचा रसभंग करीत नाहीं. मौज ही कीं, ग्रंथकाराच्याच तारखा जुळत नाहींत असें ‘टाइम्स’च्या टीकाकारानें १८६० च्या ऑक्टोबरांत दाखवून दिलें, आणि १८६१ च्या आवृत्तींत कॉलिन्सनें त्या दुरुस्त केल्या!

मॅरियनची रोजनिशी वाचतांना आपण तिच्या विश्वासांतले झालों असें वाटत असतें. ती तापानें पडते, अक्षर तुटतें, आणि त्याखालीं भलत्याच हाताचा मजकूर लागतो. काउंटानें ती सगळी वाचून वर अभिप्राय लिहून ठेविला आहे! सर्व जबान्या गोळा करणारा वॉल्टरही निःपक्ष नाहीं; लॉरावर त्याचें प्रेम आहे. आणि इतक्या साक्षीदारांत लॉराची स्वतःची जबानी एकही नाहीं. कोणी यास दोष म्हणतील. आमच्या मतें कथेचें मर्म येथेंच आहे. तिला बुडविणारे तिच्याविषयीं बोलतात, तारणारेही बोलतात. तिला कोणी विचारीत नाहीं.

हें केवळ कल्पनेंतलें नव्हे. १८५८ सालीं कादंबरीकार बुल्वर-लिटन यांनीं आपल्या पत्नीस, रोझिना हिला, अशाच खाजगी इस्पितळांत कोंडविलें होतें. लोकांनीं ओरड केली तेव्हां सुमारें तीन आठवड्यांनीं ती सुटली. फ्रान्समध्यें अठराव्या शतकाच्या अखेरीस एका स्त्रीनें, आपण मार्क्विस द दुओ यांची पत्नी असून आपणांस मृत ठरवून पॅरिसच्या इस्पितळांत डांबलें, असा दावा सांगितला. तिला आपलें नांव अखेरपर्यंत परत मिळालें नाहीं. तिचा खटला ज्या ग्रंथांत आहे तो कॉलिन्सनें पॅरिसमध्यें विकत घेतला होता.

आपल्याकडे कालिदासाच्या नाटकाचें नांवच ‘अभिज्ञान’ या शब्दानें सुरू होतें. शकुंतला समोर उभी असतां दुष्यंतास ओळख पटत नाहीं. आंगठी हातीं आल्यावर पटते. तेथें शापाचें निमित्त तरी होतें. मिस्टर फेअरलींस कोणाचा शाप नव्हता. ते दुष्टही नव्हते. त्यांस फक्त स्वस्थता हवी होती. सासरीं गेलेल्या मुलीचें पत्र येतें, त्यांतील दोन ओळी मनास खटकतात, आणि ‘नव्या घरीं असें व्हायचेंच’ म्हणून वडील मंडळी तें घडी घालून ठेवितात. तिकडून येणारें पत्र मात्र गोड व व्यवस्थित असतें, म्हणून तेंच खरें मानलें जातें. अशा वेळीं घरांतील एकानें तरी मॅरियनप्रमाणें उठून स्वतः जावें, मुलीस समक्ष भेटावें, आणि तिला काय म्हणावयाचें आहे तें तिच्याच तोंडून ऐकावें.