चिखलदऱ्याची हवा आणि धावणाऱ्यांचा दम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला, की माझ्याकडे मैदानावर येणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतोच. "सर, चिखलदऱ्याले जाऊन आठ दिवस धावलं, तं दम वाढते म्हणतात. खरं हाये का?" विचारणारा बहुधा पोलीस भरतीची नाहीतर सैन्यभरतीची तयारी करणारा असतो. हातात महिना-दीड महिना उरलेला असतो. आठ दिवसांत दम वाढणार असेल, तर उसने पैसे घेऊन चिखलदऱ्याला खोली करायची त्याची तयारी असते. त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून आज ते जरा सविस्तर सांगतो.

आधी आपल्या वऱ्हाडात धावतं कोण, ते पाहू. अमरावतीला व्यायामाची परंपरा जुनी आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पण त्या काळी व्यायाम म्हणजे आखाडा, मल्लखांब, कबड्डी. नुसतं धावण्यासाठी धावणारा माणूस रस्त्यावर दिसला, तर लोक विचारायचे, "काहून पळून राहिला बा, काय झालं?" आज तसं नाही. अमरावतीत छत्री तलावाच्या किंवा वडाळीच्या रस्त्यावर, अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर पहाटे पाच वाजता जा. तीन तऱ्हेची माणसं दिसतील. एक, भरतीची पोरं-पोरी. दोन, शाळा-महाविद्यालयांचे खेळाडू. आणि तीन, चाळिशी-पन्नाशीतले डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी. यांपैकी कुणाला डॉक्टरांनी साखरेची भीती घातलेली असते, तर कुणी मुंबई मॅरेथॉनला जाऊन आलेलं असतं. ती मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांतून धावणाऱ्यांचे गट उभे राहिले. सातारच्या डोंगरातली अर्ध मॅरेथॉन तर आता राज्यभर माहीत आहे. डोंगरावर धावायला लोक साताऱ्याला जातात, मग आपल्याला आपला चिखलदरा का आठवू नये?

आता त्या दमाच्या प्रश्नाकडे येऊ. उंचावर हवा विरळ असते, हे आपण शाळेत शिकलो. हवा विरळ म्हणजे तिचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा प्राणवायूही कमी. शरीराला ही तूट जाणवली, की मूत्रपिंडं एक संप्रेरक जास्त स्रवू लागतात आणि त्याच्या सांगण्यावरून हाडांतला मगज जास्त तांबड्या पेशी तयार करतो. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. त्या वाढल्या, की खाली परत आल्यावर काही दिवस माणूस जास्त दमानं धावतो. १९६८ चं ऑलिंपिक सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको शहरात झालं. तिथं १५०० मीटर, १० हजार मीटर, स्टीपलचेस आणि मॅरेथॉन या चारही शर्यती केनिया आणि इथिओपिया या उंच पठारांच्या देशांतल्या धावपटूंनी जिंकल्या. तेव्हापासून जगभरचे प्रशिक्षक खेळाडूंना डोंगरावर नेऊ लागले.

पण यात दोन अटी आहेत. उंची साधारण दोन ते अडीच हजार मीटर हवी आणि मुक्काम निदान तीन ते चार आठवड्यांचा हवा. आपला चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बारा-साडेबारा टक्के कमी भरतो. दोन-अडीच हजार मीटरवर तो एकवीस ते सव्वीस टक्के कमी असतो. म्हणजे चिखलदऱ्याची हवा थोडी विरळ आहे खरी, पण रक्त बदलण्याइतकी नाही. आणि आठ दिवसांत तर नाहीच नाही. तेव्हा त्या मुलाला माझं पहिलं उत्तर असं, की विरळ हवेसाठी चिखलदऱ्याला जाऊ नकोस.

दुसरं उत्तर मात्र असं, की जमलं तर जरूर जा. कारण चिखलदरा दुसऱ्या दोन गोष्टी देतो: गारवा आणि चढ.

गारव्याचा हिशेब सोपा आहे. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. अमरावती साधारण ३४३ मीटरवर आहे, म्हणजे चिखलदरा तिच्यापेक्षा पाऊण किलोमीटरहून थोडा अधिक उंच. पाच अंशांचा फरक तिथंच पडतो. पाच अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण धावणाऱ्याला विचारा. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा धावण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्त कातडीकडे पाठवतं आणि घाम गाळतं. तेच रक्त पायांनाही हवं असतं. उन्हात हृदयाला दोन्हीकडे पुरवठा करावा लागतो, म्हणून त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५-४६ अंशांवर जातो. अशा मुलखात उन्हाळ्यात धावणं हा दमाचा कमी आणि उष्णतेचा जास्त प्रश्न आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१३ चा मे महिना होता. त्या वेळी पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना ५ किलोमीटर धावावं लागे. आमच्या गटात वेळ लावून ५ किलोमीटर धावून घ्यायचं ठरलं होतं. पहाटे साडेपाचला सुरू व्हायचं, ते मुलं गोळा होता होता आठ वाजले. ऊन चढलं होतं. मी सगळ्यांना घरी पाठवायला हवं होतं. मी शिट्टी वाजवली.

अंजनगावकडचा एक मुलगा होता. पहिल्या एसटीनं, काही न खाता आला होता. शेवटच्या फेरीत तो झोकांड्या खाऊ लागला. रेघ ओलांडल्यावर भलत्याच दिशेला चालत गेला आणि "माही गाडी गेली का?" असं विचारू लागला. अंगाला घाम होता, त्यामुळे मला वाटलं, साधी चक्कर असेल. तेवढ्यात मैदानावर फिरायला येणाऱ्या एक निवृत्त परिचारिका धावत आल्या. त्यांनी मुलाला सावलीत आडवं करायला लावलं, पिण्याच्या पाण्याचे सगळे कॅन त्याच्या अंगावर ओतवले, दोघांना टॉवेलनं वारा घालायला बसवलं आणि मगच रिक्षा बोलावली. दोन दिवस दवाखान्यात राहून मुलगा बरा झाला. त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते, तर बरं वाटलं असतं.

पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. त्यानंतर ते अंतर ३ किलोमीटरवर आणलं गेलं. आता पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावायचं असतं. अंतर कमी झालं, पण ऊन आणि घाई आहे तिथंच आहे. म्हणून आपल्या घरातून कुणी धावायला जात असेल, तर एवढं लक्षात ठेवा. धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांडी खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. जागच्या जागी अंगावर गार पाणी ओतत राहावं, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये.

आता चढाविषयी. परतवाड्याहून निघून घाट चढू लागलो, की एसटीचं इंजिनसुद्धा खालच्या गिअरमध्ये येतं. माणसाचंही तेच होतं. चढावर वेग कमी ठेवूनही हृदय आणि फुप्फुसांना पुरेपूर काम मिळतं, शिवाय पाऊल जमिनीवर कमी जोरात आदळतं. गुडघ्यांना फार त्रास न देता दम कमवायचा असेल, तर लहानसा चढ उत्तम. उतार मात्र फसवा असतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात, त्यामुळे त्यांच्यात बारीक इजा होतात. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. म्हणून नव्या माणसानं चढ धावावा आणि उतार चालत यावं.

पण चढ शिकवतो ती मोठी गोष्ट वेगळीच आहे. तो माणसाला सावकाश धावायला लावतो. भरतीच्या पोरांची मोठी चूक कोणती, तर ती रोज शर्यत धावतात. रोज १६०० मीटर, रोज घड्याळ, रोज कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी करायचा आटापिटा. महिनाभरात नडगी दुखू लागते आणि मुलगा घरी बसतो. जगातले चांगले धावपटू आठवड्यातलं बरंचसं अंतर सावकाश धावतात, इतकं सावकाश, की शेजारच्याशी बोलता यावं. अशा धावण्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं वाढतं, हाडं आणि स्नायुबंध मजबूत होतात. याला आठवडे नाही, महिने लागतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर धावपटू झाला. २०२२ मध्ये त्यानं राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक मिळवलं आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला. आपली पोरं त्याची पदकं पाहतात. त्यामागची वर्षं त्यांनी मोजावीत, असं मला वाटतं.

इथंच गटाचा उपयोग कळतो. लोकांना वाटतं, गट म्हणजे चढाओढ. चांगल्या गटाचं काम उलट असतं. तो वेगाला आवर घालतो. आमच्या गटात आता चार नियम आहेत. आठवड्यातून एकदाच घड्याळ. बाकीचे दिवस बोलत धावायचं. बोलता आलं नाही, तर वेग कमी करायचा. ऊन वर आलं, की ठरलेलं रद्द, मग कोण किती लांबून आलं ते पाहायचं नाही. आणि उपाशीपोटी कुणी धावायचं नाही. निदान एक केळं आणि पाणी. भरतीचा वीस वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीचे बँकेतले काका बरोबर धावतात, तेव्हा मुलगा सबुरी शिकतो आणि काकांचा आळस जातो. मुलींना तर गटाचा फारच आधार. पहाटेच्या अंधारात एकट्या मुलीला घरून कोण सोडेल? दहा जण मिळून निघाले, की आई दारातून परत फिरते.

चिखलदऱ्याला जायचंच असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात. तो मेळघाटच्या जंगलाचा भाग आहे. बिबट्या, अस्वलं आपल्या आधीपासून तिथं राहतात. पुरतं उजाडल्यावरच धावावं, एकट्यानं जाऊ नये, गावातल्या आणि पॉइंटांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच राहावं. कानात गाणी लावू नयेत. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या फार असतात आणि धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. भडक रंगाचा सदरा घालावा. धुक्यात घाम वाळत नाही, त्यामुळे गारवा असूनही अंग तापू शकतं. तहान लागेल तसं पाणी प्यावं, पण भीतीपोटी लिटरवर लिटर पिऊ नये. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. आणि वाटेत डोक्यावर मोळी घेऊन चढ चढणाऱ्या कोरकू बायाबापड्या भेटल्या, तर रस्ता द्यावा. चढावर दम कसा राखायचा, हे त्यांच्या चालण्याकडे पाहून कळतं.

अंजनगावच्या त्या मुलाचं पुढं काय झालं, असं मला पुष्कळ जण विचारतात. तो पोलीस झाला नाही. दोनदा थोडक्या गुणांनी राहिला आणि मग वय निघून गेलं. वयाची अट संपली, की बहुतेक मुलांचं धावणंही संपतं. बूट माळ्यावर जातात. त्याचं तसं झालं नाही. आज त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही बारा जण चिखलदऱ्याला गेलो, त्यात तो होता. नव्या पोरांतला एक जण पहिल्याच चढावर सुसाट निघाला. मी तोंड उघडायच्या आधी हा मागून ओरडला, "हळू रे बाप्पा, घाट कुठं पळून चालला का?"