शिक्के वाचून घेतलेलं पिस्तूल

सिंगर म्हटलं की मराठी घराला शिलाई मशीन आठवतं. याच कंपनीला १९४० साली अमेरिकी लष्कराने ५०० पिस्तुलं बनवायला सांगितली. युद्ध पेटलंच, तर शस्त्रांशी कधी संबंध न आलेले कारखाने किती झटपट तयार होतात, हे लष्कराला पाहायचं होतं. सिंगरने .४५ कॅलिबरची 'एम१९११ए१' जातीची पिस्तुलं बनवून दिली. त्यानंतर मात्र कंपनीकडे विमानविरोधी तोफांचा नेम ठरवणारी यंत्रं बनवण्याचं काम आलं आणि पिस्तुलांचा विषय तिथेच संपला. ती ५०० पिस्तुलं सैनिकांमध्ये वाटली गेली, वापरली गेली, कित्येक हरवली. २०१७ मध्ये त्यांतल्या एकाला अमेरिकेतल्या लिलावात चार लाख डॉलरांहून अधिक किंमत मिळाली.

त्याच आराखड्याची, दुसऱ्या महायुद्धात वापरलेली पिस्तुलं टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने साडेआठ लाखांहून अधिक बनवली. शॉटगनसाठी प्रसिद्ध असलेल्या इथाकाने तीन लाखांहून अधिक बनवली, तर रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने सुमारे ५५ हजार. पोलाद तेच, मापं तीच, गोळीही तीच. फरक स्लाइडवर कोरलेल्या नावाचा आणि संख्येचा. जुन्या लष्करी पिस्तुलांच्या बाजारात वय किंवा चकाकी यांच्यापेक्षा दुर्मीळपणाला आणि मूळपणाला जास्त पैसे पडतात. ज्याचा खिसा बेताचा आहे, त्याने हे सूत्र उलट्या बाजूने वापरायला शिकलं पाहिजे.

हे उलटं सूत्र कसं चालतं, हे अमेरिकेतल्या एका सरकारमान्य विक्रीत स्वच्छ दिसलं. जॉन ब्राउनिंगने आखलेलं हे पिस्तूल लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटाच्या पिस्तुलाला त्याची जागा दिली. उरलेला साठा अनेक वर्षं कोठारात पडून होता. २०१५ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने तो 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम' या संस्थेमार्फत नागरिकांना विकायची वाट मोकळी झाली. २०१८ मध्ये पहिले अर्ज मागवले गेले. हजारो लोकांनी अर्ज भरले, संगणकाने सोडतीचे क्रमांक दिले आणि प्रत्येकाला एकच पिस्तूल मिळेल असं ठरलं. सर्वांत चांगल्या प्रतीला १०५० डॉलर, मधल्या प्रतीला ९५० आणि थोडी दुरुस्ती लागेल अशा प्रतीला ८५० डॉलर.

या पिस्तुलांपैकी बहुतेकांची जडणघडण सरमिसळ होती. स्लाइड कोल्टची, फ्रेम रेमिंग्टन रँडची, नळी तिसऱ्याच कारखान्याची. कारण साधं आहे. लष्कराच्या दुरुस्ती आगारात पिस्तुलं शेकड्यांनी सुटी केली जात, झिजलेले भाग काढून टाकले जात आणि जो भाग हाताला येईल तो बसवून, फॉस्फेटचा नवा करडा लेप चढवून पिस्तूल पुन्हा पलटणीकडे जाई. आगाराची आद्याक्षरंही फ्रेमवर ठोकली जात: रॉक आयलंडची 'आरआयए', ऑगस्टाची 'एए'. कारखान्यातून निघाल्यापासून एकही भाग न बदललेलं पिस्तूल हवं असणारा संग्राहक अशा नगाकडे पाहतही नाही, म्हणून त्याची किंमत उतरते. प्रत्यक्षात ज्या पिस्तुलाने सर्वांत जास्त नोकरी केली, त्याचीच अशी सरमिसळ होते. इतिहासासाठी घेणाऱ्याला कमी पैशांत जास्त इतिहास मिळतो तो इथे.

पूर्व युरोपातून आलेल्या मालाची गोष्टही अशीच आहे. रशियाचं १८९५ सालचं नागां रिव्हॉल्व्हर एका बेल्जियन घराण्याच्या कल्पनेतून निघालं. चक्रात सात गोळ्या. घोडा मागे गेला की चक्र पुढे सरकून नळीला भिडतं आणि काडतुसाचं लांब तोंड उरलेली फट बुजवतं, त्यामुळे वायू बाहेर निसटत नाही. तुला आणि इझेव्स्क इथल्या कारखान्यांत ते लाखोंनी बनलं. सोव्हिएत कोठारांमध्ये दुरुस्त करून, तेल फासून ठेवलेला हा साठा शीतयुद्धानंतर अमेरिकेत पोहोचला आणि सन २००० नंतरची काही वर्षं एकेक नग शंभर डॉलरांच्या आत मिळत होता. साठा आटला तशी किंमत कित्येक पटींनी चढली. ताऱ्यातला बाण म्हणजे तुला, त्रिकोणातला बाण म्हणजे इझेव्स्क. चौकोनात तिरकी रेघ दिसली, तर रिव्हॉल्व्हर सोव्हिएत आगारात नव्याने तयार झालेलं आहे.

आज बेताच्या पैशांत संग्रह सुरू करणारे बहुधा टोकारेव्ह आणि मकारोव्ह या सोव्हिएत पिस्तुलांच्या नातलगांकडे वळतात. टोकारेव्हचा आराखडा पोलंड, रुमानिया, युगोस्लाव्हिया आणि चीनने उचलला. युगोस्लाव्ह एम५७ मध्ये मूठ लांबवून नऊ गोळ्या बसवल्या. अमेरिकेत आयात झालेल्या या पिस्तुलांवर नंतर बसवलेला सेफ्टीचा खटका दिसतो. मूळ रशियन आराखड्यात तो नव्हता, आयातीच्या नियमांसाठी घातला गेला. बल्गेरियन मकारोव्ह, पोलंडचं पी-६४, चेकोस्लोव्हाकियाचं सीझेड-८२ हे याच मार्गाने आलेले पाहुणे. जर्मन वॉल्थर पी३८ महाग असतं. पण सोव्हिएत सैन्याने जप्त करून, सुटे भाग एकत्र करून, पुन्हा काळा मुलामा दिलेलं तेच पिस्तूल बरंच स्वस्त पडतं.

किंमत उतरवणारी आणखी एक खूण म्हणजे आयातदाराचा शिक्का. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी शस्त्रांची आयात रोखली. १९८४ च्या दुरुस्तीने संग्रहयोग्य जुन्या शस्त्रांसाठी ती पुन्हा सुरू झाली. मात्र आयातदाराने आपलं नाव आणि गाव शस्त्रावर कोरणं सक्तीचं आहे. शिक्का नसलेलं पिस्तूल बहुधा एखाद्या सैनिकाने युद्धावरून घरी आणलेलं असतं. सोबत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा परवानगीचा कागद असेल, तर भाव आणखी चढतो. म्हणूनच शिक्का घासून काढण्याचे आणि जर्मन तपासणीच्या खोट्या खुणा ठोकण्याचे प्रकारही होतात. शिक्क्याच्या जागी पोलाद किंचित खोलगट किंवा वेगळं चमकताना दिसलं, तर व्यवहार तिथेच सोडावा.

पिस्तूल हातात घेतल्यावर ते रिकामं असल्याची खात्री करायची, मग नळीत उजेड सोडून पाहायचं. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधल्या रसायनामुळे नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि साफसफाई टाळलेल्या नळीला आतून खड्डे पडतात. ब्रिटिश वेब्ली मार्क सहा घेताना चक्राची मागची बाजू आवर्जून पाहावी. अमेरिकेत विकण्यासाठी अनेकांची चक्रं .४५ ची काडतुसं बसावीत म्हणून तासली गेली. नेहमीच्या .४५ काडतुसाचा दाब या जुन्या रिव्हॉल्व्हरला झेपणारा नसतो, म्हणून असा नग शोभेसाठी ठेवावा. मॅगझिन मूळचं आहे का, क्रमांक जुळतात का, हेही भावात धरलं जातं. कोल्टच्या पिस्तुलाबाबत शंका असेल, तर कंपनीच्या दप्तरातून पैसे भरून दाखला मागवता येतो.

खरेदीच्या कायदेशीर बाजूला संग्राहकांना एक सोय आहे. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या शस्त्रांसाठी अमेरिकी सरकार संग्राहक परवाना देतं. तीन वर्षांना ३० डॉलर. तो असेल तर दुसऱ्या राज्यातून असं पिस्तूल थेट घरी मागवता येतं, मात्र प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते आणि या परवान्यावर धंदा करता येत नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ते बरेच कडक आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगणंच संघराज्याच्या कायद्याने मना आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

भारतात हा छंद जवळपास बंदच आहे. .४५ किंवा ९ एमएमसारखी लष्करी बोअरची पिस्तुलं प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे अमेरिकेत घेतलेलं पिस्तूल सोबत आणण्याचा विचारही करू नये.

खरेदी झाल्यावर मोह होतो तो पिस्तूल चकाचक करण्याचा. नवा मुलामा चढवला की आगाराचे शिक्के पुसट होतात आणि मूळ लेपासाठी मिळणारी किंमत कायमची जाते. हलकं तेल, कोरडी जागा आणि कुलूपबंद कपाट पुरेसं आहे. जुन्या चामड्याच्या म्यानात मात्र पिस्तूल ठेवू नये. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार पोलादाला गंज आणतात. म्यान वेगळं ठेवावं. सोबत पावती, आधीच्या मालकाने सांगितलेली माहिती आणि प्रत्येक शिक्क्याचं छायाचित्र एका पाकिटात ठेवावं. आगाराच्या आद्याक्षरांचा अर्थ पुढच्या मालकाला त्यावरूनच लागणार असतो.