फळा डिजिटल झाला, पण शेवटच्या बाकाचे काय?

सध्या शाळाशाळांतून 'डिजिटल'चा गजर चालू आहे. भिंतीवर स्मार्ट बोर्ड, कोपऱ्यात संगणक, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड. आम्ही या साधनांच्या विरोधात नाही. उलट ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याने ज्ञानाच्या प्रत्येक नव्या साधनावर सर्वांत आधी हक्क सांगितला पाहिजे, असे आमचे मत आहे. प्रश्न एवढाच, की हे साधन कोणाच्या हातात जाते?

बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागले, कारण नळाला हात लावायला बंदी होती. आज संगणकाला हात लावू नकोस, असे कोणी उघड म्हणत नाही. पण तीस मुलांत एक संगणक असला, की ज्यांच्या घरी तो आहे अशी दोन-चार मुले तो चालवतात आणि वस्तीवरची पोरे मागून माना उंचावून बघतात. याला शिक्षण म्हणायचे काय?

केंद्र सरकारच्याच 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील फक्त 4.4 टक्के घरांत संगणक आणि 14.9 टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. अशा देशात मार्च 2020 मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाईलवर गेला. ज्या घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातल्या लेकरांची शाळा त्या दिवशी बुडाली. पुढे मोबाईल वाढले, पण फोन हाती येणे म्हणजे शिकणे नव्हे.

शिकवण्याची रीत जुनीच राहिली, तर स्मार्ट बोर्ड म्हणजे महागडा फळाच. मुले सिनेमासारखा पाठ बघतात आणि परीक्षेला पुन्हा घोकतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोडमधून कविता, गोष्टी आणि पाठ मुलांपर्यंत पोहोचवले. त्यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. साध्या सरकारी शाळेतून हे घडते, हे विसरू नये.

भगवान बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे : या आणि स्वतः पाहा. वर्गातही हेच हवे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' हे विज्ञान-गणिताचे प्रयोग फुकट आहेत, मराठीतही आहेत. मूल पडद्यावर सेल, वायर आणि बल्ब जोडते; चुकले तर बल्ब पेटत नाही, पुन्हा जोडते. चार मुलांत एक यंत्र द्या, दर दहा मिनिटांनी हात बदला आणि सुरुवात सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलापासून करा. गावातल्या कोणत्या वस्तीत किती नळ आहेत हे मुलांना मोजू द्या, संगणकावर तक्ता आणि आलेख करू द्या. गणितही होईल, भूगोलही होईल आणि समतेचा धडाही होईल.

ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 29 कृती, शोध आणि भयमुक्त शिक्षणाची हमी देते. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांना प्रमाणात स्थान हवे. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आहे.

तेव्हा समाजबांधवांनो, समितीच्या बैठकीला जा. विचारा : संगणक किती आले? चालू किती? वीजबिल कोण भरते? आठवड्यात आमच्या मुलीचा हात त्यावर किती वेळ पडतो? उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आणि जयंतीच्या वर्गणीतून एक लॅपटॉप बुद्धविहारात ठेवा. संध्याकाळी वंदनेनंतर तासभर मुले बसवा, शिकलेल्या तरुणांनी पाळ्या लावाव्यात. डीजेचा आवाज एका रात्रीत विरतो. शिकलेले पोर पिढ्यान् पिढ्या बोलते.

जयभीम!